गवतच तर आहे!

खरं सांगू? मार्च २०१८मध्ये कोचीतल्या ऑफिसात मी एक वाक्य बोलून गेलो, त्याची मला अजून लाज वाटते. वाक्य होतं, 'अरे, गवतच तर आहे, पुन्हा उगवेल!'

झालं होतं असं. दादरचा अस्सल क्रिकेटवेडा मी, प्रोजेक्टच्या कृपेने कोचीत जाऊन पडलो होतो. मासे झकास, पाऊस घरच्यासारखा, पण चहाच्या टपरीवर स्कोअर विचारावा तर समोरचा फुटबॉलचा सांगणार. अशात बातमी आली की १ नोव्हेंबरची भारत-वेस्ट इंडिज वन डे कोचीत होणार. कलूरचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, माझ्या फ्लॅटपासून रिक्षाने दहा मिनिटं!

मी आधी बाबांना फोन लावला. बाबांनी आयुष्यभर मॅच पाहिली ती टीव्हीवर, नाहीतर ऐकली रेडिओला कान लावून. वानखेडेचं तिकीट काही त्यांच्या हाताला कधी लागलं नाही. आणि कलूर म्हणजे तर त्यांच्या लेखी तीर्थक्षेत्रच. सचिनने वन डेत डावात पाच विकेट आयुष्यात दोनदाच काढल्या, १९९८मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३२ धावांत आणि २००५मध्ये पाकिस्तानविरुद्ध ५० धावांत. दोन्ही वेळा मैदान हेच. 'बॅटिंग सगळ्यांनी पाहिली रे,' बाबा म्हणायचे, 'त्याची बोलिंग बघावी ती कोचीत.'

'या वेळी तुम्ही स्टेडियमवर,' मी जाहीर करून टाकलं.

इकडे ऑफिसात मात्र सुतकी वातावरण. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही सगळे 'चेट्टा' म्हणायचो, म्हणजे दादा. आदल्या नोव्हेंबरात हाच मला ओढत केरला ब्लास्टर्सच्या मॅचला घेऊन गेला होता. इंडियन सुपर लीगची सलामीची मॅच, समोर कोलकात्याचा एटीके, स्टेडियम नखशिखांत पिवळं. नव्वद मिनिटांत गोल किती? शून्य! आणि तरी माणसं गाऊन गाऊन घसा फोडत होती. ०-० मॅचला कोणी एवढं खूश असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

चेट्टाचं दुःख होतं ते त्या हिरवळीचं. ऑक्टोबर २०१७मध्ये भारतात १७ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप झाला. ब्राझील-स्पेनसारखी मॅच कोचीत झाली. त्यासाठी फिफाच्या पसंतीला उतरेल असं मैदान तयार केलं होतं. वन डे घ्यायची तर त्या हिरवळीच्या बरोबर मधोमध खणून पिच बनवावी लागणार. पिच म्हणजे माती ओतून, रोलर फिरवून दगडासारखी केलेली बावीस यार्डांची पट्टी, आणि एक नाही, शेजारी शेजारी चार-पाच. फुटबॉलला हवी अगदी उलटी जमीन. चेंडू सगळीकडे सारखा पळायला हवा, खिळ्यांचे बूट रुतायला हवेत, पडलं तर ढोपर फुटायला नको. मॅच संपली की पट्टी काढून गवत पुन्हा लावता येतं, हो. पण ते गवत मुळं धरायला वेळ मागतं, आणि लीग तर ऐन मोसमात असणार होती.

हे सगळं तो मला समजावून सांगत होता. तेव्हाच मी ते वाक्य बोललो. चेट्टा काही बोलला नाही. लॅपटॉप मिटला आणि निघून गेला. पुढचे आठ दिवस आमचा संवाद फक्त ई-मेलवर, तोही बॉसला सीसी ठेवून.

भांडण तसं सरळ नव्हतंच. स्टेडियम विकास प्राधिकरणाचं, दीर्घ मुदतीचा करार केरळ क्रिकेट असोसिएशनचा, आणि मोसमभर खेळणार ब्लास्टर्स. क्रिकेटवाले म्हणणार, आम्ही पैसे घातलेत, दोन्ही खेळ होऊ शकतात की! फुटबॉलवाले म्हणणार, गर्दी आम्ही खेचतो. सी. के. विनीत, इयान ह्यूम असे खेळाडू जाहीरपणे विरोधात उतरले. शशी थरूरही उतरले. आणि मग आला सचिनचा ट्वीट. फिफाच्या मान्यतेची हिरवळ खराब होण्याची त्याला काळजी वाटत होती. क्रिकेट तिरुवनंतपुरमला होऊ दे, फुटबॉल कोचीत, असं त्याचं म्हणणं. तो तेव्हा ब्लास्टर्सचा सहमालक होता, हे कबूल. पण तरीही... सचिन? क्रिकेटच्या विरोधात? मी बाबांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, 'तो म्हणतोय म्हणजे असेल काहीतरी.'

मॅच तिरुवनंतपुरमच्या ग्रीनफील्ड स्टेडियमला हलली. गंमत बघा, जानेवारी २०१६मध्ये याच ग्रीनफील्डवर भारताने अफगाणिस्तानला २-१ हरवून दक्षिण आशियाई फुटबॉलचा सॅफ कप जिंकला होता. म्हणजे एका शहरात फुटबॉलचं गवत वाचलं, ते दुसऱ्या शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर क्रिकेट बसलं म्हणून! याबद्दल मात्र फारशी कोणी छाती पिटली नाही.

या दिवसांत मला सारखी आठवत होती ती आमच्या लहानपणच्या मैदानातली दोरी. पावसाळ्यात फुटबॉलवाली पोरं यायची. आम्ही पिचभोवती दोरी बांधून त्यांना कोपऱ्यातल्या चिखलात पिटाळायचो. 'ए, पिच खराब होते!' पिचवर तेव्हा घोट्याएवढं पाणी असायचं. आम्ही स्वतः महिनाभर तिथे खेळणार नसायचो. पण मैदान आपलंच, यात आम्हाला कधी शंका आली नाही. त्या पोरांनाही आली नाही, हे जास्त वाईट.

एका मैदानावर दोघं नांदू शकत नाहीत, असं मात्र नाही. आपलं नेरुळचं डी. वाय. पाटील घ्या. २०२२मध्ये फेब्रुवारीत तिथे महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेची फायनल, मार्चअखेरपासून आयपीएल, ऑक्टोबरात मुलींच्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल. २०२५मध्ये हरमनप्रीतच्या टीमने वर्ल्ड कप उचलला तोही तिथेच. पण तिथे किल्ली एकाच्या खिशात आहे, कॅलेंडर एकाच भिंतीवर. कोचीत किल्ल्या तीन होत्या.

असो. बाबा आले. आम्ही ट्रेनने तिरुवनंतपुरमला गेलो. बाबांनी निळी टोपी घातली, डब्यात पोळी-भाजी घेतली (ती गेटवरच काढून घेतली गेली), आणि वेस्ट इंडिज १०४ धावांत आटोपलं. भारताने पंधरा ओव्हरच्या आत खेळ संपवला. शंभर ओव्हरचं तिकीट, पाहिल्या पन्नासही नाहीत! 'चला, एकदम वसूल,' बाबा म्हणाले. खोटं बोलताना ते नेहमी जरा जास्तच हसतात.

दुसऱ्या दिवशी कोचीला परतलो. चेट्टा स्टेशनवर बाइक न आणता गाडी घेऊन हजर. आमची बोलाचाली तोवर सुरू झाली होती. 'अंकल, कलूर बघायचंय ना?' सचिन सप्टेंबरातच ब्लास्टर्समधून बाहेर पडला होता, त्यामुळे स्टेडियमबाहेर त्याचा फोटो मिळेना, बाबा जरा हिरमुसले. चेट्टा वॉचमनशी मल्याळममध्ये काहीतरी बोलला. पाच मिनिटं मिळाली, तीही लाइनच्या बाहेरूनच.

समोर नुसतं हिरवंगार. पिचचा मागमूस नाही. बाबा डोळ्यांवर हात धरून शोधत राहिले.

'सचिनने बोलिंग टाकली ती जागा कुठली?' त्यांनी मला विचारलं. मला कुठे माहीत!

'तिथे,' चेट्टा म्हणाला. त्याने मधल्या गोलाकडे बोट दाखवलं. 'अठ्ठ्याण्णवमध्ये मी वडिलांच्या खांद्यावर बसून होतो, त्या स्टँडमध्ये. बेव्हनची विकेट अजून आठवते.'

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. बाबांनी मात्र तेवढ्यात चपला काढल्या होत्या, आणि वॉचमन हातवारे करत आमच्याकडे यायला निघाला होता.