दोऱ्यावरची साखर

पाडवा जवळ आला की निलंग्याच्या बाजारात साखरेच्या गाठ्यांचे हार लटकायचे. खडीसाखर मात्र नीलकंठेश्वराच्या देवळात मिळे, तीही चिमूटभर. तेव्हाची खडीसाखर दोऱ्यावर धरलेली असे. चघळताना दोरा जिभेत अडकायचा आणि तो सोडवता सोडवता आरती संपून जायची. साखर तीच, दोराही तसाच. तरी गाठी पांढरीफटक आणि खडा आरपार.

घरात आईचं वैर नेमकं खड्यांशीच. गुलाबजामाचा पाक साखरू नये म्हणून ती उकळत्या पाकात लिंबू पिळायची. आंबटाने साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ही उपरी मंडळी मध्ये घुसली की साखरेच्या रेणूंना ओळीने बसता येत नाही. आईचा पाक कधी साखरला नाही.

बीएस्सीला मी उलट्या उद्योगाला लागले. ग्लायसीन, म्हणजे सर्वांत साधं अमिनो आम्ल, पाण्यात विरघळेल तितकं विरघळवायचं, गाळायचं, बीकरच्या तोंडावर टाचणीने भोकं पाडलेला कागद बांधायचा. तळाशी कण धरले की त्यातला कोपरे शाबूत असलेला एक निवडून बारीक नायलॉनच्या धाग्याने ताज्या द्रावणात टांगायचा. मग वाट बघायची. पाणी भराभर उडालं तर द्रावणाचेच थेंब आत कोंडून खडा दुधाळ होतो, नाहीतर तळाशी नवे कण उगवून सगळा माल पळवतात. गाठीचं कोडंही तिथेच सुटलं: साच्यात पाक झटपट थिजतो, असंख्य बारीक कण खेटून बसतात आणि त्यांच्या सांध्यासांध्यावर उजेड विखुरतो.

अंबुलग्याच्या साखर कारखान्यात पाक आटवायच्या पॅनवरच्या माणसालाही दाणाच हवा असतो, पण बारीक आणि एकसारखा. मोठा खडा त्याच्या काय कामाचा!

कॉलेजात आमच्या मुळावर आलं ते भारनियमन. द्रावणाचं तापमान अर्धा अंशही हलायला नको, आणि लाइट गेली की बीकरभोवतीचं गरम पाणी निवलंच. परत येईपर्यंत तळाशी चुरा.

पुढे अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या स्टिल्बीन या सेंद्रिय पदार्थाच्या खड्यांबद्दल वाचलं. स्टिल्बीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून द्रावक वेगळा. रीत तीच, बीज टाकायचं आणि द्रावण सावकाश निववायचं. दहा सेंटीमीटरहून मोठे खडे वाढवलेत त्यांनी. त्या खड्यांवर न्यूट्रॉन आदळला की उठणारी चमक गॅमा किरणांच्या चमकेपेक्षा किंचित रेंगाळून विझते, आणि तेवढ्यावरून लपवलेला अणुमाल हुडकता येतो. मी मात्र आधी शोधलं, त्यांच्याकडे लाइट जाते का.