आकड्याच्या शेजारचं वाक्य

मिनियापोलिस,
24 ऑगस्ट

चि. मुक्ता,


परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून हे पत्र. टीचिंग असिस्टंटची (टी.ए.) जागा मिळाली, फी माफ झाली, दादा-वहिनींचा जीव भांड्यात पडला. फोन ठेवताना तू म्हणालीस, "आत्या, समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची संख्यासाक्षरता तपासायला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलंय. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय, मला काय शेकडेवारी शिकवणार?" तेव्हा मी हसले. पण गेली अकरा वर्षं मी इथे हेच ट्रेनिंग घेते, आणि तिथे सगळ्यात जास्त अडतात ती तुझ्यासारखीच मुलं.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक विधान लिहिते: 1950 पासून अमेरिकेत बंदुकीने मारल्या जाणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आली आहे. हे मी रचलेलं नाही. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांना 1995 साली एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या आराखड्यात ते सापडलं. त्यांना वाटलं, पोराने उतरवताना चूक केली असणार. ग्रंथालयात जाऊन पाहिलं तर मूळ जर्नलमध्येच तसं छापलेलं. 'डॅम्ड लाइज अँड स्टॅटिस्टिक्स' या 2001 सालच्या पुस्तकाची सुरुवातच त्यांनी या किश्श्याने केली आहे. 1950 साली एकच मूल गेलं असं धर आणि दुप्पट करत जा. 1960 ला 1,024. 1970 ला दहा लाखांच्या वर. 1980 ला शंभर कोटींच्या वर. 1995 ला 35 लाख कोटी! एवढी माणसं पृथ्वीवर कधी जन्मलीही नसतील. जर्नलने ज्या अहवालाचा आधार घेतला होता, त्या मूळ अहवालात म्हटलं होतं ते इतकंच, की मुलांच्या अशा मृत्यूंचा वर्षाचा आकडा 1950 च्या मानाने दुप्पट झालाय. 'दरवर्षी' हा शब्द जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसला आणि घोटाळा झाला.

संख्याशास्त्राची मुलं हे दोन मिनिटांत पकडतात आणि खूश होतात. मग मी विचारते, मूळ अहवालातलं खरं वाक्य तरी पुरेसं आहे का? त्या काळात देशाची लोकसंख्या साधारण 15 कोटींवरून 26 कोटींवर गेली होती. म्हणजे दर लाखामागे पाहिलं तर 'दुप्पट'चा दरारा बराच उतरतो. लोकसंख्येचं काय, हे गेल्या वर्षी सगळ्यांच्या आधी कोणी विचारलं माहीत आहे? इंग्रजी साहित्याच्या एका टी.ए.ने, जी सकाळी मला म्हणाली होती की गणिताचं नाव काढलं तरी तिच्या पोटात गोळा येतो.

तुमच्या ट्रेनिंगमध्ये बहुधा एक रुब्रिक, म्हणजे गुण देण्याचा तक्ता, हातात देतील. असोसिएशन ऑफ अमेरिकन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीजने 2009 साली काढलेलं, किंवा त्याला ठोकून-ठाकून बसवलेलं. त्यात सहा ओळी आहेत: तक्ता-आलेख वाचून अर्थ सांगणं, माहिती दुसऱ्या रूपात मांडणं, आकडेमोड, त्यावरून निष्कर्ष काढणं, गृहीतकं ओळखणं, आणि हे सगळं पटेल असं लिहिणं. प्रत्येकाला 4 ते 1, आणि तेवढंही नसेल तर शून्य. सहांतली एकच ओळ आकडेमोडीची आहे, हे पेन्सिलने अधोरेखित करून ठेव. आपल्याकडून आलेली मुलं त्या एका ओळीवर जीव टाकतात आणि बाकीच्या पाचांवरून डोळे फिरवून मोकळी होतात. मीही तेच केलं होतं. माझ्या पहिल्या सत्रात एका मुलीने सरासरी अचूक काढली म्हणून मी तिला पैकीच्या पैकी दिले. पण सरासरी कशाची? पिन कोडची! प्राध्यापकबाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता निघून गेल्या.

आता नॉर्मिंगबद्दल, म्हणजे सगळ्यांचं गुण देण्याचं माप एक करून घेण्याबद्दल. ट्रेनिंगमध्ये कामाचा भाग तोच, बाकीचं तू बसमध्ये वाचलंस तरी चालेल. सगळ्यांना तेच तीन-चार निबंध देतात, प्रत्येकाने न बोलता गुण लिहायचे, मग एकदम उघड करायचे आणि भांडायचं. हो, भांडायचंच. एका वर्षी आमच्याकडे अर्ध्या तासाचं भांडण झालं ते एका ओळीवर. बेरोजगारीचा दर 4 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर गेला, आणि मुलाने लिहिलं, "बेरोजगारी 1 टक्क्याने वाढली." भौतिकशास्त्राचा टी.ए. म्हणाला, शुद्ध चूक, 25 टक्क्यांनी वाढली. इतिहासवाली म्हणाली, पाचातून चार वजा केले तर एकच उरतो, काय चुकलं? मी त्यांना आपल्या मराठी वर्तमानपत्रांचं सांगितलं. रेपो दरात पाव टक्का वाढ असं ते छापतात तेव्हा मूळ दराच्या पाव टक्का असं कोणी वाचत नाही, कारण तो संकेत सगळ्यांना ठाऊक असतो. अठरा वर्षांच्या पोराला संकेत ठाऊक आहे की नशिबाने जमलं, हे त्याच्या पुढच्या वाक्यावरून कळतं. दोघांनी पुढचं वाक्य वाचलंच नव्हतं. त्यात लिहिलं होतं, "ही वाढ अगदीच किरकोळ आहे." मग मात्र दोघांनीही निष्कर्षाच्या ओळीला एकच गुण दिला.

शेवटी ट्रेनिंग देणारे सांगतील की तुमचं 70 टक्के एकमत झालं, शाब्बास. तिथे तुझं संख्याशास्त्र बाहेर काढ. समजा 'जमलं' आणि 'नाही जमलं' असे दोनच शेरे आहेत आणि दोन्ही तपासनीस शंभरातल्या 80 निबंधांना 'जमलं' म्हणतात. निबंध न वाचता चिठ्ठ्या टाकून ते 80 निवडले, तरी सरासरी 68 निबंधांवर त्यांचं जुळेल: 64 'जमलं'वर, 4 'नाही'वर. जेकब कोहेन यांनी 1960 साली यासाठीच कप्पा हे माप दिलं (कपाटातला नव्हे). त्यांच्या सूत्रात 70 उणे 68, भागिले 32, म्हणजे जेमतेम 0.06. पेढे वाटण्यासारखं काही झालेलं नाही. हे सांगताना आवाज मात्र नरम ठेव. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना तुझी आधीच भीती वाटत असेल.

तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस; पण तुझ्या आजोबांकडे दहावीचे गठ्ठे यायचे. मॉडेल आन्सर उशाला, लाल पेन हातात, आणि घरात कोणी रेडिओ लावायचा नाही. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण ते कधी कापायचे नाहीत. मॉडरेटरने एखादा पेपर परत पाठवला की त्यांना दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही. नॉर्मिंगच्या खोलीत मला हटकून त्यांची आठवण येते. मॉडरेटरशी समोरासमोर बसून वाद घालायची सोय मात्र त्यांना कधी मिळाली नाही. तुला ती मिळतेय.

इथून तासाभराच्या वाटेवर नॉर्थफील्ड आहे. तिथल्या सेंट ओलाफ कॉलेजात लिन स्टीन शिकवायचे. संख्यासाक्षरता एकट्या गणित विभागाच्या गळ्यात बांधू नका, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. तुझ्या समाजशास्त्राच्या वर्गात हे काम आलं त्यात त्यांचा वाटा आहे. त्याच गावातल्या कार्ल्टन कॉलेजने मुलांचे नेहमीचे निबंध घेऊन पाहिलं, आणि आधी विचारलं ते हे, की या विषयाला आकड्यांची गरज होती का? गरज होती आणि आकडा नाही, हीसुद्धा नोंदच. मला ही युक्ती रुब्रिकपेक्षा जास्त आवडते. 'बरेच लोक', 'हल्ली खूप वाढलंय' अशी वाक्यं दिसली की समासात लिही: किती? कशाच्या मानाने? याहून लांब शेरा मुलं वाचत नाहीत.

बाकी व्यवहाराचं. तुझ्या एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. साठ निबंध, प्रत्येकी बारा मिनिटं, म्हणजे बारा तास तिथेच गेले. मुलांना भेटायची वेळ आणि लेक्चरं त्यात धरून प्राध्यापकांना आधीच सांग. मागाहून रडू नकोस. मूल्यमापनासाठी निवडलेल्या निबंधांवरची नावं झाकलेली असतात आणि ते गुण मुलांच्या निकालात जात नाहीत, तेव्हा तिथे दया दाखवून 1 चा 2 करण्यात कोणाचंच भलं नाही. विसाव्या निबंधानंतर हात सैल पडतो, किंवा भूक लागली असेल तर आवळतो. मग थांब, पहिले पाच परत काढून पाहा.

आणि एक काम माझ्यासाठी कर. ट्रेनिंगमध्ये सरावाचे नमुना निबंध देतील, त्यांतले तीन मला पाठवायची परवानगी माग. मिळाली तर रविवारी सकाळी दहाला फोन कर. मी तोवर माझे गुण लिहून ठेवीन. तुझे आधी सांगू नकोस.

तुझी,
आत्या