लाईट टँक चालवणाऱ्या भाच्यास

चि. सोन्यास,


काल रात्री वर्ल्ड ऑफ टँक्सच्या मॅचमधून तू गेल्यावर काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. तुझा रणगाडा जळाला, चॅटमध्ये कुणीतरी तुला 'नूब' म्हणालं आणि तू रागानं बाहेर पडलास. मी शेवटपर्यंत थांबले होते. मालिनोव्का नकाशावरच्या त्या मोकळ्या शेतातून तू सरळ टेकडीकडे सुटलास, तुझं बघून आपला दुसरा लाईटही सुटला, आणि दोघं मिनिटभरात संपलात. मग उरलेले सगळे आपापल्या कोपऱ्यात आंधळे होऊन बसले. समोरून गोळे येत होते, पण मारणारा कुठं आहे ते स्क्रीनवर उमटतच नव्हतं. आपण हरलो ते असे.

फोनवर हे बोलले असते, पण फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' करतोस आणि पलीकडे दुसरी मॅच सुरू केलेली मला ऐकू येते. म्हणून पत्र. वहिनीनं आधी वाचलं तरी चालेल. आत्या-भाचा रात्री नुसते ठो-ठो करत नाहीत, हे तिलाही कळू दे.

लाईट टँकमध्ये तुला चॅफी आवडतो कारण तो पळतो. खरा चॅफी १८ टनांचा, रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जाणारा, आणि पुढचं कवच जेमतेम २५ मिलिमीटरचं. हा हिशेब बनवणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून केला होता. जाड पत्रा चढवला की वजन वाढतं, वजन वाढलं की वेग गेला. तेव्हा मार खाणं हे या गाडीचं काम नाही हे कारखान्यातच ठरलं होतं. तू मात्र रोज मार खायला घेऊन जातोस.

वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये शत्रू आपल्यापैकी कुणीतरी पाहिल्याशिवाय दिसतच नाही. कितीही मोठी तोफ असलेला हेवी घे, समोरचा कुणी दाखवला नाही तर त्याला काही मारता येत नाही. दाखवणारा तू. बाकीचे रणगाडे हलले की त्यांचं लपणं कमी होतं. लाईटचं होत नाही, तो चालता चालताही उभ्याइतकाच लपलेला असतो. ही सवलत फक्त तुमच्या जातीला आहे आणि तू ती शेताच्या मधोमध उधळतोस! ४४५ मीटरच्या पलीकडचं कुणालाच टिपता येत नाही, आणि ५० मीटरच्या आत कितीही दाट झुडूप असलं तरी सुटका नाही. या दोहोंच्या मधे तुझं राज्य. स्क्रीनवर तो बल्ब पेटतो ना, तो शत्रूनं तुला पाहिल्यावर तीन सेकंदांनी पेटतो. बल्ब पाहून विचार करायला बसलास तर गोळा निम्म्या वाटेवर आलेला असतो. बल्बच्या आधी परतीची वाट ठरलेली पाहिजे; वेग तिथं कामाला येतो.

आणि तोफ आवर. गोळा सुटला की लपणं गेलं. झुडपात बसून गप्प राहिलास, तुझ्या डोळ्यांनी दुसऱ्यानं शत्रू मारला, तर त्याचा वाटा तुझ्या खात्यात येतो. मॅचनंतरच्या तक्त्यात तो रकाना तू उघडूनही बघत नाहीस.

तुझ्या आजोळी, अपशिंगे मिलिटरी गावात, घराघरातून माणूस फौजेत गेलेला. पण बहुतेक पायदळात, त्यामुळं तू ऐकलेल्या गोष्टी हल्ल्याच्या आणि चढाईच्या. रणगाड्यांच्या गोष्टी मला सांगू दे.

पहिली १९४८ ची. झोजी ला खिंड, साडेतीन हजार मीटर उंची. सप्टेंबरात आपल्या पायदळाचे हल्ले तिथं अडले होते. वरच्या कड्यांवर शत्रू पक्का बसलेला, आणि खिंड उघडल्याशिवाय लेहची वाट मोकळी होत नव्हती. जनरल थिमय्यांनी ७ लाईट कॅव्हलरीचे स्टुअर्ट आणायचं ठरवलं. स्टुअर्ट म्हणजे आपल्या गेममधल्या खालच्या टियरची, ३७ मिलिमीटरच्या तोफेची छोटी गाडी. तू ती कधीच मागं टाकलीस. जम्मूहून श्रीनगरकडे येताना त्यांचे बुरूज उतरवून वेगळे आणले, वाटेतल्या पुलांना भार सोसावा म्हणून आणि कुणाला ओळखू येऊ नये म्हणूनही. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद केली. १ नोव्हेंबरला, बर्फात, लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे खिंडीत शिरले. एवढ्या उंचीवर त्याआधी रणगाडा लढला नव्हता. वर बसलेल्यांनी तयारी केली होती ती माणसांसाठी. महिना संपण्याआधी कारगिल आपल्याकडे आलं. त्या ३७ मिलिमीटरच्या तोफेनं खुल्या मैदानात कुणाला घाबरवलं नसतं. तिची सगळी किंमत ती कुठं उभी होती यात होती.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही, कारण तिच्यात चॅफी हरतो. २१ नोव्हेंबर १९७१, बोयऱ्यापलीकडचं गरीबपूर, आता बांगलादेशात. १४ पंजाबचं पायदळ आणि त्यांच्यासोबत ४५ कॅव्हलरीचे १४ पीटी-७६. हा रशियन रणगाडा तुझ्या चॅफीहूनही हलका, पाण्यावर तरंगणारा, पत्रा त्याहून पातळ. पहाटेच्या दाट धुक्यात पाकिस्तानी चॅफी चालून आले. आपल्या गाड्या जागा धरून बसल्या होत्या. गोळे कुठून येतायत हेच येणाऱ्यांना कळेना, आणि त्यांचे बहुतेक रणगाडे तिथंच राहिले. स्क्वाड्रनचे मेजर दलजित सिंग नारंग त्या लढाईत पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. 'पिप्पा' सिनेमा आपण सोबत पाहिला, तो याच रणगाड्यांचा. तू गाण्यांच्या वेळी मोबाईल बघत होतास, मी पाहिलंय.

लडाखमधल्या चुशुलचं थोडक्यात सांगते. १९६२ मध्ये २० लान्सर्सचे फ्रेंच एएमएक्स-१३ विमानातून तिथं उतरवले, कारण त्या वजनाचाच रणगाडा विमानात मावत होता. २०२० नंतर लडाखमध्ये पुन्हा हलक्या रणगाड्याची तीच निकड भासली. डीआरडीओ आणि एल अँड टी यांनी बनवलेला २५ टनांचा 'झोरावर' जुलै २०२४ मध्ये हजिऱ्याला दाखवला गेला, त्यामागंही हेच गणित आहे. लाईट टँक जुनाट झाला असं तुझा तो क्लॅनवाला मित्र म्हणतो ना, त्याला हे ऐकव.

दाखवणाऱ्याचं मोल कळायला इतकं लांब जायचीही गरज नाही म्हणा. आमच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे, जुना भूपाळगड. तिथं शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी दाखवतात. सुरतेत अगणित द्रव्य आहे ही खबर महाराजांकडे बहिर्जींनी आणली, असं सभासदाच्या बखरीत आहे. १६६४ साली सुरत मारली ती फौजेनं. नाव फौजेचं, खजिना स्वराज्याचा. बहिर्जींबद्दल कागदांत फार थोडं सापडतं, आणि हेराच्या बाबतीत ते मला योग्यच वाटतं. ज्याची सगळीकडे नोंद आहे तो हेर कसला!

दिवाळीच्या सुट्टीत ये. एक दिवस बाणूरगड करू. नंतर बाबांना पटवून अहिल्यानगरला जाऊ. तिथल्या रणगाडा संग्रहालयात जगभरातली ही धुडं ओळीनं उभी आहेत. खऱ्या रणगाड्याला हात लावून पत्र्याची जाडी बघ, मग शेतातून सुटायची खुमखुमी किती उरते ते सांग.

तोवर सहामाहीचा अभ्यास. शनिवारी रात्री जेवण झाल्यावर ऑनलाईन ये, मालिनोव्का लागला तर उत्तमच. शेताच्या अलीकडच्या झुडपामागं बस आणि मी सांगेपर्यंत गोळा सोडू नकोस. मी यावेळी हेवी घेते. तू दाखव, मी मारते. आणि त्या 'नूब'वाल्याला उत्तर देत बसू नकोस, टाईप करताना तुझी गाडी झुडपाबाहेर येते.

तुझी,
आत्या