नाव की काम?

भारतीय फुटबॉल संघाचा नवा प्रशिक्षक कोण, यावरून 2025च्या जुलैत आमच्या नेवाशात दोन तट पडले होते. क्रिकेटवेड्या गावात ही चर्चा व्हावी, याचंच अप्रूप. इशाच्या नमाजनंतर ओट्यावर पोरं भांडायची. एका गटाला परदेशी प्रशिक्षक हवा होता, दुसऱ्याला खालिद जमील. चाचांनी निकाल देऊन टाकला, "अपना आदमी है, उसीको लेना."

मला तो 'अपना' खटकला. म्हटलं, "चाचा, नाव नको, काम बघा." मिझोरामचा ऐझॉल हा छोटा क्लब. आदल्या मोसमात आय-लीगबाहेर पडलेला, मग परत घेतलेला. त्याला याच माणसानं 2016-17ची आय-लीग जिंकून दिली. ईशान्येतला तो पहिला विजेता. त्याआधी मुंबई एफसी त्यांनी कित्येक वर्षं सांभाळली. शिफारस म्हणून एवढं पुरे.

1 ऑगस्टला त्यांचीच निवड झाली. 13 वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला. ओट्यावर पेढे वाटले. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरनं 2-1 हरवलं, आशिया चषकाचं दार बंद झालं, आणि पेढे खाल्लेल्या तोंडांतूनच शिव्या आल्या.

नावासाठी डोक्यावर घेतलेला माणूस हरला, की लोकांना आधी त्याचं नावच आठवतं. हे आपल्याला नवं नाही. म्हणून निदान आपण तरी कौतुक कामाचं करावं आणि टीकाही कामावरच.