थॉमस पेन : एका उशिरा वाचलेल्या ग्रंथकाराविषयी
महात्मा फुले यांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचला, हे वाक्य मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. स्वतः पेन मात्र फार उशिरा वाचला.

कंचुकी शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. १७७६ साली ‘कॉमन सेन्स’ लिहून त्याने अमेरिकेतील सामान्य माणसाला राजाविना राज्याची कल्पना करण्याचे धैर्य दिले. मृत पिढ्यांना जिवंतांवर सत्ता गाजवण्याचा अधिकार नाही, हे त्याचे प्रतिपादन वाचताना मला १९२७ चे महाडचे मनुस्मृतिदहन आठवले.

परंतु मला अंतर्मुख केले ते दुसऱ्याच प्रसंगाने. राजेशाहीचा हा कट्टर वैरी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत सोळाव्या लुईच्या देहदंडाविरुद्ध उभा राहिला. पुढे त्याच क्रांतीने त्याला दहा महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले. व्यवस्था मोडावी, माणूस मारू नये, ही करुणा बुद्धाच्या अनुयायांना परकी नाही.

आपल्या वसतिगृहातील मुले मनात अपमानाचा राग घेऊन येतात. तो राग रास्तच आहे. तो विषमतेवर रोखावा, गावातील माणसावर नव्हे, एवढे मी आता पेनच्या निमित्ताने त्यांना सांगतो; आणि स्वतःलाही.