करवंटीतले बोल्ट

बोटभर फट पडली आणि गिअरबॉक्स तिथेच थांबला. देवगडच्या घराच्या खळ्यात, बाबांच्या जीपखाली, गोणपाटावर मी उताणी पडले होते. एका हातात बॅटरी होती, दुसरा बेल हाउसिंगवर. हे इंजिनाच्या पाठीला लागून असलेलं घंटेच्या आकाराचं ओतीव कवच. क्लच याच्या पोटात असतो. कड चाचपताना डाव्या अंगाला बोटाला एक खाच लागली. नखाएवढी, अर्ध्या चंद्रासारखी. ती बघायला मला उजेड लागत नाही. ती पडली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि बॅटरी माझ्याच हातात होती.

जीप आमच्याकडे १९८९ साली आली. महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोच्या परवान्याने इथे बनलेलं चार सिलिंडरचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, आणि मधोमध उभ्या दोन दांड्या: एक गिअरची, एक चारही चाकांना जोर द्यायची. या गाडीचं घराणं लढाईतलं, असं बाबा कौतुकाने सांगत. महायुद्धातली विलीज जीप पुढे मुंबईत जोडली जाऊ लागली, तिचीच ही नात. नातीच्या नशिबी मात्र आंब्याच्या पेट्या आल्या. एप्रिल-मे दोन महिने फोंडा घाट चढून कोल्हापूर, आणि रिकाम्या गाडीने परत.

घाटात क्लच खपतो. पुढे लादलेला ट्रक रांगत असतो, मागे पेट्यांचं ओझं, आणि पाय ना पुरता दाबलेला ना पुरता सोडलेला. त्या अर्ध्या क्लचवर प्लेट घासत राहते. जळक्या प्लेटचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखू येतो. प्लेट असते ताटलीएवढी, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. मी नऊ वर्षांची असताना मेअखेरीला, पाऊस यायच्या आत, बाबांनी आणि गावातल्या मेस्त्रींनी तो आमच्या खळ्यातच उतरवायचं ठरवलं.

जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवली. खळ्याच्या कडेला जांभ्याचे चिरे रचलेले होते, पण बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही. चिरा भार घेतो तोवर घेतो, फुटला की खालच्या माणसाला हलायला वेळ देत नाही. मग तळाचा पत्रा काढला, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट काढले, हँडब्रेकचे दुवे, मीटरची केबल. गाडीच्या हौद्यावर आडवा वासा टाकून तळाच्या भोकातून खाली दोर सोडला आणि गिअरबॉक्स त्यात टांगला. इंजिनाच्या पोटाखाली जॅक लावला, कारण मागचा आडवा पत्रा निघाला की इंजिन शेपटीकडे कलतं. माझ्याकडे बॅटरी होती आणि करवंट्या. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या करवंटीत, आणि करवंट्या काढल्या त्या क्रमाने ओळीत. ही रीत बाबांची. बसवताना ओळ उलटीकडून वाचायची.

सगळं काढलं आणि गिअरबॉक्स हलेना. मेस्त्री तापट नव्हते, पण तिन्हीसांजा झाल्या होत्या, डास फोडून खात होते. त्यांनी सांध्यात छन्नी धरली. "एक फटको मारतंय, सुटतलो." फटका बसला, ठिणगी उडाली, आणि ती अर्ध्या चंद्राची खाच पडली. दुसऱ्या फटक्याआधी बाबांनी त्यांचा हात धरला.

"थांब रे. गो बाय, करवंटीत किती आसत?"

मी मोजले. बाबांनी कडेची भोकं बोटाने चाचपत मोजली. भोकं माझ्या बोल्टांपेक्षा एकाने जास्त निघाली. वर, स्टार्टरच्या आडोशाला, वर्षानुवर्षांच्या तेलकट चिखलाखाली एक बोल्ट तसाच होता. डोळ्यांना नुसतं ढेकूळ दिसत होतं. मग त्यांनी माझ्या दप्तरातलं एक पोस्टकार्ड मागून घेतलं. तो बोल्ट काढल्यावर सांध्यात केसाएवढी फट पडली होती. तीत चारी बाजूंनी कार्ड सरकवून पाहिलं. वरून जात होतं, खालून नाही. म्हणजे गिअरबॉक्सची शेपटी खाली लोंबते आहे, त्यातून पुढे येऊन प्लेटमध्ये शिरणारा शाफ्ट वाकडा होऊन प्लेटच्या भोकात धरला जातो आहे. दोर वीतभर आवळला. कार्ड सगळीकडून जाऊ लागलं आणि तो बोजड लोखंडी गोळा एका झटक्यासरशी मागे सरकला. लोखंड एवढ्या नम्रपणे येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे मी पुण्यात मेकॅनिकल शिकले, चाकण भागात नोकरी केली. तिथे गिअरबॉक्स पाळण्यात झुलत यायचे आणि मिनिटांत इंजिनाला बसायचे. एकही अडकत नसे, कारण ते सगळे कोरे होते. त्या वर्षांबद्दल एवढंच.

बाबा गेल्यावर जीप तीन पावसाळे ताडपत्रीखाली उभी राहिली. आमच्याकडे धो धो पाऊस आणि हाकेच्या अंतरावर समुद्र. क्लच सुटेना, गिअर पडेना. ज्याने त्याने भंगाराचा भाव सांगितला. मला तो हिशेब कळतो, पण पटत नाही. एका प्लेटवाचून अडलेली गाडी भंगार कशी होते? जी वस्तू उघडता येते, समजून घेता येते आणि पुन्हा जोडता येते, ती मोडीत काढणं मला वाया घालवणं वाटतं. म्हणून रजा काढून आले, भाच्याला हाताशी घेतलं, आईकडून करवंट्या मागून घेतल्या.

सगळं बाबांच्या क्रमाने केलं. बोल्ट मोजले, भोकं मोजली: बरोबर. पोस्टकार्डं आता घरात नाहीत, एक लग्नपत्रिका घेतली. ती चारी बाजूंनी सारखी जात होती. सांधा जुळवून धरणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना भोकांतून सुटलेल्या दिसत होत्या. म्हणजे बाबांनी शिकवलेली दोन्ही कारणं संपली, आणि गिअरबॉक्स बोटभर येऊन ठप्प. भाचा पहार घेऊन उभा होता. मी त्याला चहा प्यायला पाठवलं.

घरात आई मागचं दार उघडत होती. पावसात फुगलेलं फणसाच्या लाकडाचं दार. ते नुसतं ओढून उघडत नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आधी चौकटीत परत ढकलायचं, मग जरा ओढायचं, पुन्हा ढकलायचं. धप्, किर्र, धप्. तो आवाज मी जीपखालून ऐकत होते, आणि हात आपोआप शाफ्टच्या दिशेला गेला.

शाफ्टवर उभ्या खाचा असतात. त्यांवर प्लेट पुढेमागे सरकते. प्लेट जिथे बसून होती तेवढी जागा झाकलेली, म्हणून साफ. तिच्या पुढचा उघडा भाग तीन पावसाळे खारी हवा खात होता. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो भाग दारासारखाच फुगला होता. मी बोटभर ओढल्यावर नेमका तोच प्लेटच्या भोकाशी आला होता. पहारीने ओढत राहिले असते तर तो पाचरीसारखा आणखी घट्ट बसला असता.

मग बेल हाउसिंगला क्लच सोडवणाऱ्या फोर्कसाठी जे भोक असतं, त्यातून सिरिंजने डिझेल सोडलं. बाबांच्या वेळी रॉकेल पाजायचे, ते आता कुठलं मिळायला. एरवी क्लचच्या प्लेटला तेलाचा थेंबही चालत नाही, पण ही प्लेट बदलायचीच होती. रात्रभर ठेवलं. सकाळी भाच्याला म्हटलं, आत ढकल. त्याला वाटलं मी चुकून बोलले. आत ढकलला, दोन सूत जास्त बाहेर आला. पुन्हा डिझेल, पुन्हा आत. फटीतून तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा गाळ ओघळू लागला, माझ्या कोपरापर्यंत. दुपारी केव्हातरी दोराला अचानक भार आला, वासा करकरला, आणि गिअरबॉक्स माझ्या छातीपासून हातभर लांब हवेत झुलायला लागला.

तो जुन्या टायरवर उतरवला. शाफ्टवर गंजाचा पट्टा स्पष्ट दिसत होता. त्याच्या मागे बोटभर जागा अजून चकचकीत होती, बाबांनी शेवटचं ग्रीस लावलं होतं तिथे. मी तिला कापड लावलं नाही.

आई पायरीवरून खाली आली. फोर्कचा एक बोल्ट अजून माझ्या मुठीत होता, हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं. तिने ओळीच्या शेवटी एक रिकामी करवंटी ठेवली. म्हणाली, "हेच्यात घाल."