सोर्स आमच्या हक्काचा होता

‘‘सोर्स कोड कशाला हवाय? बोर्ड चालू आहे ना?’’ विक्रेत्याचं हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं.

अंजूरच्या आमच्या गोदामात वजनकाट्याचा आकडा थेट संगणकात यावा म्हणून आर्म प्रोसेसरचा एक छोटा बोर्ड घेतला होता. काट्याच्या सीरियल पोर्टची यूएसबी वायर लावली, पण बोर्डाला ती दिसेचना. वायरीतल्या सीएच३४० चिपचा ड्रायव्हर विक्रेत्याने दिलेल्या लिनक्स कर्नलमध्ये नव्हता. मूळ लिनक्समध्ये तो कधीपासून आहे, एक मोड्यूल बांधून टाकायचं काम. पण मोड्यूल त्याच कर्नलच्या सोर्स आणि कॉन्फिगवर बांधावं लागतं, नाहीतर ‘इनव्हॅलिड मोड्यूल फॉरमॅट’ म्हणून नाकारलं जातं. यांच्या कर्नलमध्ये फेरफार केलेले, आणि त्यातलं काहीच द्यायला तयार नाहीत.

लिनक्स १९९२पासून जीपीएल परवान्याखाली आहे. बायनरी देणाऱ्याने पूर्ण सोर्स, तो बांधायच्या स्क्रिप्टसकट, द्यायचा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयानेही हा परवाना बंधनकारक ठरवला. हे सगळं ईमेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं, ‘कंपनी पॉलिसी’. फोन केला तर विचारतात, ‘‘तुम्ही डेव्हलपर आहात का?’’ अहो, पैसे मोजून बोर्ड घेतलाय, एवढं पुरेसं नाही?

शेवटी मूळ लिनक्सचा कर्नल घेतला. बोर्डाची मेमरी तोकडी, म्हणून लॅपटॉपवर क्रॉस कंपायलरने बांधला. असं करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ‘आर्क’ आणि ‘क्रॉस_कंपाइल’ प्रत्येक मेक कमांडला द्यायचे, नाहीतर मेक लॅपटॉपचाच प्रोसेसर धरून चालतं. सीरियल कन्सोलवर ‘अनकम्प्रेसिंग लिनक्स... डन, बूटिंग द कर्नल’ एवढं उमटलं आणि पुढे एक अक्षर नाही. कुठलं हार्डवेअर कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारी बोर्डाची डिव्हाइस ट्रीसुद्धा दिलेली नव्हती. चालू बोर्डावरून ती उलगडून, पिना एकेक ताडून नवी लिहिली, तेव्हा लॉगिन आलं.

त्यांनी सोर्स दिला असता तर आम्ही त्यांचाच जुना कर्नल चालवत बसलो असतो, हे खरं. आताचा नवा आहे आणि त्यातली ओळ न् ओळ उघडून बघता येते. म्हणून राग जायला हवा होता, पण जात नाही.

बोर्ड घेण्याआधी सोर्सची लिंक मागा. दिली नाही तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.